गुडघ्याची मालकी

माझ्या वडिलांचा उजवा गुडघा नेमका कुणाच्या मालकीचा, या प्रश्नावरून मी एका बड्या कंपनीच्या वकीलबाईंशी भांडले आहे. तेही डेअरीच्या प्रयोगशाळेत, एका हातात दुधाची परीक्षानळी धरून. आता ते आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र माझा आवाज चिरकला होता आणि नळीतलं दूध एप्रनवर सांडलं होतं.

माझे वडील सर्जेराव लाड, राहणार कुंडल. अख्खं गाव त्यांना आण्णा म्हणतं, म्हणून आम्हीही आण्णाच म्हणतो. तरुणपणी ते कबड्डीत चढाई करायचे. समोरच्या संघाचे सातही जण हात धरून उभे असताना एकट्यानं त्यांच्या अंगणात घुसायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम न सोडता मध्यरेषेपर्यंत परत यायचं, हे त्यांचं काम. पुढे साखर कारखान्यात नोकरी, मग निवृत्ती. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय दोन्ही गेले. वाचा शाबूत राहिली. हे सुदैव की दुर्दैव यावर आमच्या घरात मतभेद आहेत, कारण आण्णा पलंगावरून दिवसभर हुकूम सोडत.

सांगलीच्या डॉक्टर नीलिमा पाटसकरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "यांच्या पायाला काही झालेलं नाही. मेंदूपासून पायापर्यंतची वाट बुजलीय. ती पुन्हा पडेल, पण त्यासाठी तीच हालचाल मनापासून हजारदा करायला हवी. माणूस वीस वेळा करतो आणि कंटाळतो."

आण्णा तर पाचव्या वेळीच कंटाळले. "बाई, गादीवर टाच घासून कोण बरं झालंय का आजवर?" असं त्यांनी डॉक्टरांना तोंडावर विचारलं.

तेव्हा डॉक्टरांनी चालठशाची गोष्ट काढली. मला ती जेवढी समजली तेवढी सांगते. लांबून पाठमोरा माणूस चालत असला तरी आपण ओळखतो, 'अरे, हा तर आपला काका!' कारण आधी कंबर वळते की गुडघा, वजन टाचेवर पडतं की चवड्यावर, वळण्याआधी माणूस किती थबकतो, हे प्रत्येकाचं निराळं असतं. जुन्या चित्रफितींमधून संगणक हे सगळं टिपतो आणि त्या माणसाचा एक ठसा तयार करतो. मग तो ठसा पडद्यावरच्या आकृतीला दिला, की जी परिस्थिती त्या माणसानं कधी पाहिलीही नव्हती तिच्यातही आकृती हुबेहूब त्याच्यासारखी हलते. खेळ बनवणाऱ्यांनी हे शोधलं ते करमणुकीसाठी. डॉक्टरांच्या नंतर ध्यानात आलं की आजारी मेंदू दुसऱ्याची चाल बघून ढिम्म राहतो, पण स्वतःची जुनी चाल दिसली की खडबडून जागा होतो. रुग्णाच्या लुळ्या हातापायावर एक लवचीक पट्टा चढवतात. पाय हलत नसला तरी हलवायची इच्छा स्नायूपर्यंत पुसटशी पोचत असते, ती पट्टा टिपतो. पडद्यावरची आकृती लगेच पाऊल उचलते. मेंदूला वाटतं, जमलं! आणि वाट थोडी पडते.

आण्णांची चाल कुठे मिळणार, हा प्रश्न होता. ती मिळाली मिरजेत. तिथं फिरोज बागवान नावाचा एक चष्म्यांचा दुकानदार आहे. गिऱ्हाईक नसलं की तो 'धूळमैदान' नावाचा खेळ खेळतो. कोल्हापुरातल्या तिघा मित्रांनी बनवलेला हा छोटासा खेळ, पण त्यात गावोगावच्या स्पर्धांमधले जुने, विसरलेले कबड्डीपटू त्यांच्या अस्सल ठशांसह उतरायचे. खेळणाऱ्यांचा एक गट होता, 'मातीतले' नावाचा. शिक्षक, कंडक्टर, एक भटजी, दोन नर्सा, असे सगळे. जुन्या चित्रफिती धुंडाळून एकेका खेळाडूच्या पावलांवर वाद घालणं हा त्यांचा धंदा. मी चौकशी केली तेव्हा फिरोज फोनवर ओरडलाच, "सर्जेराव लाड तुमचे वडील? ताई, मी गेली चार वर्षं त्यांची पकड करायला बघतोय!"

आण्णांनी पहिल्यांदा स्वतःला पडद्यावर पाहिलं तो दिवस मी विसरणार नाही. चोवीस वर्षांचा सडपातळ सर्जेराव मध्यरेषेवर उभा होता. आण्णांनी मान पुढे काढून त्याला न्याहाळलं. मग म्हणाले, "आयला, केस किती हुते!"

डॉक्टरांनी पट्टा त्या खेळाला जोडून दिला आणि आण्णा खेळायला लागले. समोर फिरोज, मिरजेहून, उजव्या कोपऱ्यात. हजार वेळा टाच घासायला कंटाळणारा माणूस रोज शेकड्यानं चढाया करू लागला, कारण आता समोर कुणीतरी पकडायला टपलेलं होतं. दिवाळीपर्यंत डाव्या पायाची बोटं हलली. संक्रांतीला वॉकर धरून ते न्हाणीपर्यंत गेले आणि आईला म्हणाले, "बाजूला हो, ट्रॅफिक हाय." डावा हात तेवढा उशीसारखा मांडीवर पडून असायचा. डॉक्टर म्हणाल्या, हाताला वेळ लागतो, खेळ सोडू नका.

आम्ही सोडणार नव्हतो. पण खेळच आम्हाला सोडून गेला.

'अग्रज क्रीडाविश्व' या कंपनीनं कबड्डीच्या महासंघाशी एकमेव हक्काचा करार केला. महासंघाकडे ज्याची ज्याची म्हणून नोंद झाली होती, त्या प्रत्येक आजी-माजी खेळाडूचा चालठसा यापुढे फक्त अग्रजच्या खेळात दिसणार. बाकी सगळ्यांनी आपापल्या खेळांतून खरे खेळाडू काढून टाकावेत. कोल्हापूरच्या त्या तिघांनी हातापाया पडून पाहिलं, उपयोग झाला नाही. एके सकाळी आण्णांनी पट्टा चढवला, तर मध्यरेषेवर एक गुळगुळीत चेहऱ्याचा, छाती काढून चालणारा इसम उभा.

"ह्यो कोण पावणा?" आण्णांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी तीन-चार चढाया करून पाहिल्या. पावणा यंत्रासारखा सरळ जाई आणि सरळ परत येई. आण्णांची बोटं हलेनात. पट्टा काढून त्यांनी बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. पुढच्या आठवड्यात आईला पुन्हा त्यांना धरून न्हाणीपर्यंत न्यावं लागलं. त्यांनी ट्रॅफिकचा विनोद केला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

अग्रजनं माजी खेळाडूंसाठी एक संमतिपत्र पाठवलं होतं. सही केली की त्यांच्या 'सुवर्णकाळ' विभागात स्वतःला घेऊन खेळता येईल. पट्टा चालणार नव्हता, पण डॉक्टर म्हणाल्या, निदान चाल दिसेल तरी, काहीच नसण्यापेक्षा बरं. मी पत्र घेऊन आण्णांकडे गेले.

"आण्णा, सही करा की."

"काय लिवलंय त्यात?"

"तुमची चाल कायमची त्यांची."

"म्हंजे माझा पाय मी दुसऱ्याच्या नावावर करू?"

"पाय नव्हे हो. चाल."

"पाय आन् चाल येगळी असती व्हय गं, धने?"

मी भडकले. म्हटलं, इथे तुमचा पाय वाळत चाललाय आणि तुम्हाला मालकीचं पडलंय. आईनं दिवसभर उचलाउचली करायची आणि तुम्ही तत्त्वं सांगायची! ते म्हणाले, "तुला माझा पाय नको झालाय, तुला सुट्टी पायजे." हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून फार लागलं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्या दोन दिवसांत फिरोज आणि त्याच्या मातीतल्या मंडळींनी प्रताप केला. निषेध कसा करायचा यावर त्यांच्यात बराच खल झाला होता. कुणी म्हणालं बहिष्कार, कुणी म्हणालं उपोषण. कंडक्टर म्हणाला, आपल्याला बघून कंपनी घाबरणार नाही, निदान हसली तरी पाहिजे. म्हणून त्यांनी एक नोटीस तयार केली आणि रीतसर अग्रजच्या कायदा विभागाला पाठवून दिली. मला कळलं ते ती सगळीकडे फिरायला लागल्यावर. डेअरीत रसायनांच्या कपाटाआड उभी राहून मी वाचली.

'आमचे अशील श्री. सर्जेराव लाड, राहणार कुंडल, धंदा चढाई, यांचे सांगण्यावरून (त्यांनी सांगितलेले नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसते) आपणांस कळविण्यात येते की:

'आमचे अशील मध्यरेषा ओलांडताना डावी टाच आधी टेकवितात, मग पाऊल बाहेर वळवितात, उजवा खांदा पाडून डाव्या कोपऱ्यास हूल देतात, एक श्वासभर थबकतात व उजव्या कोपऱ्यास पाठीमागून लाथ लगावतात. ही चाल आपण विकत घेतल्याचे समजते. अभिनंदन.

'सदर चालीसोबत तिचा उजवा गुडघाही आपल्याकडे आला आहे. तो थंडीत सकाळी ठणकतो. रोज शेक देण्यास माणूस पाठवावा. माणूस बोलका असावा, अशिलांस गप्पा लागतात.

'सदर चालीची डावी बाजू सध्या बंद आहे. ज्याची मालकी त्याची दुरुस्ती, या न्यायाने आपण ती सुरू करून द्यावी. ती सुरू होईपर्यंत अशिलांस न्हाणीपर्यंत नेणे-आणणे आपणांकडे राहील.

'असे न केल्यास आपला अख्खा संघ बाद करून आपल्यावर लोण चढविण्यात येईल. कळावे. अशिलांतर्फे, मातीतले मंडळ. आमच्याकडे सनद नाही, शिट्टी आहे.'

मला हसू आलं नाही. लोक थट्टा करतात ती करोत, पण घरचं नाव, घरचं दुखणं? शिवाय कंपनी चिडली तर संमतिपत्रही हातचं जाणार. मी फिरोजला फोन लावला.

"तुम्हाला लाज आहे का? आमच्या न्हाणीपर्यंत गेलात!"

"ताई, रागावू नका. आण्णांना विचारून लिहिलंय."

"आण्णांना?"

"टाच की चवडा, यावरून आमच्यात जुंपली होती. थट्टेची नोटीस असली म्हणून काय झालं, पाऊल चुकीचं लिहायचं? अर्धे म्हणत होते चवडा. शेवटी त्यांनाच फोन केला. ते म्हणाले टाच, आणि बाकीचंही घाला म्हणाले."

मी कपाळाला हात लावला. त्या मंडळींचं हे असंच. घराला आग लागली तरी आधी ज्वाळा कुठल्या पायावर उभी आहे ते बघतील.

आठवडाभरानं उत्तर आमच्या पत्त्यावर आलं. अग्रजकडे रोज ढिगानं नोटिसा येत, आणि त्या वाचायला माणसं पुरत नसल्यानं उत्तरांचा मसुदा यंत्रच करायचं. त्या यंत्राला थट्टा कळत नव्हती. त्याला एकच गोष्ट पक्की शिकवली होती, कंपनीच्या गळ्यात जबाबदारी पडू द्यायची नाही. त्यात चालठशांचा नवा कायदा आला होता: जिवंत माणसाच्या ठशावर मालकी सांगणाऱ्याला त्या माणसाच्या देहाचंही काही देणं लागतं. किती, हे अजून कुठल्या न्यायालयानं ठरवलं नव्हतं, म्हणून सगळ्या कंपन्या टरकून होत्या. खाली वकिलाची सही होती. न वाचताच केलेली असणार.

फिरोजला चांगलं सुनवायचं म्हणून मी त्याला फोन लावून ते उत्तर मोठ्यानं वाचायला घेतलं. "ऐका आता! 'आपल्या नोटिशीत वर्णन केलेली, डावी टाच आधी टेकविणारी इत्यादी हालचाल आमच्या संग्रहात नाही. सदर व्यक्तीच्या कोणत्याही हालचालीवर आमचा हक्क, मालकी अथवा हितसंबंध नाही व पुढेही असणार नाही. सबब तिच्या गुडघ्याची, डाव्या बाजूची अथवा'..."

मी थांबले.

"ताई," फिरोज हळूच म्हणाला, "ती मधली ओळ परत वाचा."

मी परत वाचली. हक्क नाही, मालकी नाही, पुढेही असणार नाही. मी दुधाच्या कॅनवर बसले.

"मग ती चाल कुणाची?" मी विचारलं.

"ज्याची हाय त्याची," फिरोज म्हणाला आणि एकदम ओरडला, "चवडा लिहिला असता तर मेलो असतो की आपण! ते म्हणाले असते, ही हालचाल लाडांची नव्हेच!"

माझ्याकडून ते पत्र घेऊन त्यानं कोल्हापूरला, खेळ बनवणाऱ्या तिघांना धाडलं आणि त्यांनी ते अग्रजपुढे धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुधाचं फॅट तपासत असताना माझा फोन वाजला. बाई गोड आवाजाच्या होत्या. अॅडव्होकेट केतकी शेवडे, अग्रजच्या कायदा विभागातून.

"लाड मॅडम, ती नोटीस म्हणजे विनोद होता ना?"

"आमच्याकडून होता," मी म्हटलं. "तुमच्याकडून उत्तर गंभीर आलं."

"हो, तिथेच जरा घोटाळा झालाय. ते पत्र रद्द समजावं, एवढीच विनंती आहे."

नळीतलं दूध माझ्या एप्रनवर सांडलं. पण आण्णांचीच मी मुलगी. आवाज चिरकला तरी तोंड थांबलं नाही.

"बरं. रद्द समजते. म्हणजे चाल तुमची?"

"करारानुसार, हो."

"मग गुडघा?"

"कसला गुडघा?"

"उजवा. ठणकतो तो. तोही तुमचाच झाला. आणि बंद पडलेली डावी बाजू. ही दुरुस्ती कधी सुरू करताय, तेवढं लेखी कळवा. डॉक्टर पाटसकरांचे कागद मी पाठवते. आणि बाई, महासंघाच्या नोंदीत हजारो म्हातारे खेळाडू आहेत. कुणाची कंबर गेलीय, कुणाचा खांदा. त्या सगळ्यांना मातीतली मंडळी नोटिसा लिहून देणार आहेत. थट्टेतच, पण पावलं अगदी बरोबर लिहितात ती."

हे नोटिसांचं मला आयत्या वेळी सुचलं.

"मॅडम," शेवडेबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज कंपनीचा नव्हता, "माझे वडील खो-खो खेळायचे. त्यांचीही कंबर गेलीय. मी वरिष्ठांशी बोलते."

वरिष्ठांना गुडघे नको होते. पंधरवड्यात अग्रजनं जाहीर केलं की निवृत्त खेळाडूंच्या सन्मानार्थ त्यांचे ठसे करारातून वगळण्यात येत आहेत. सन्मानार्थ! मी ते वाचून इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून धावत आली, आणि मग हसता हसता मला रडूच कोसळलं. आईनं मला घट्ट धरलं.

आण्णांना सांगायला गेले तेव्हा ते भिंतीकडेच तोंड करून होते. मी म्हटलं, "आण्णा, मी चुकले. सही केली असती तर गेलंच असतं सगळं."

"मी बी लई वंगाळ बोललो," भिंतीकडे बघतच ते म्हणाले. "सुट्टी तुला पायजेच. कुणालाबी पायजे." मग मान वळवली. "पट्टा कुठं ठिवलाय?"

खेळ परत सुरू झाला त्या रविवारी आमच्या पडवीत शेजारपाजारचे जमले होते. पडद्यावर केसाळ सर्जेराव आला. आण्णा खुर्चीत सरसावून बसले. पहिल्या दोन चढाया गंजलेल्या गेल्या. तिसरीत त्यांनी हूल दिली, थबकले, लाथ मारली, आणि फिरोजनं मागून कंबरच पकडली. सर्जेराव मध्यरेषेच्या दिशेनं पालथा पडला, हात लांब केला, शिट्टी वाजली. खेळातला पंच म्हणाला, चढाईपटू बाद.

"आण्णा, पकडलं!" मिरजेहून फिरोज बेभान ओरडला. "चार वर्षांनी पकडलं!"

"पकडलं कुठलं! रेष शिवलीया मी!"

"नाही हो, चार बोटं कमी पडलात."

"आंधळा हायस का रं, चष्मं इकतोस आन्? रेष शिवलीया!" आण्णा लालेलाल झाले. पडदा सोडून ते आमच्याकडे वळले. "तुमी तरी बघितलंसा न्हवं? ह्यो असा पडलो, आन् ह्यो हात हितं, असा..."

आणि रेष कुठे शिवली ते दाखवायला त्यांनी हात लांब केला. पुढ्यातल्या टेबलाच्या कडेपर्यंत. डावा.

आईनं तोंडावर पदर घेतला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी ओठ दाबून धरले, कारण आण्णांना अजून कळलंच नव्हतं. ते टेबलाच्या कडेवर डाव्या हाताची बोटं आपटत विचारत होते, "बोला की! हितं हुता का न्हाई हात?"

"होता, आण्णा," मी म्हटलं. "तिथंच होता."